तळाशी ३६ टक्के, शिखरावर ९: वकिलीच्या शिडीवर महिला कुठे गळतात?

सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन आणि नियोजन केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेच्या स्थितीवर एक अहवाल काढला. त्यातले तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की सगळा प्रश्न समोर येतो. जिल्हा न्यायपालिकेत काम करणाऱ्या न्यायाधीशांपैकी ३६.३ टक्के महिला. उच्च न्यायालयांत १३.४ टक्के. सर्वोच्च न्यायालयात ९.३ टक्के. आणि ज्या वकीलवर्गातून हे सगळे येतात, त्यात महिलांचं प्रमाण साधारण १५ टक्के.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: मुली आत्ता आत्ता या क्षेत्रात यायला लागल्यात, थोडी कळ काढा, आकडे आपसूक वर सरकतील. पण तळाचाच आकडा नीट बघा. वकिलांत १५ टक्के असलेल्या महिला दिवाणी न्यायाधीशाच्या पायरीवर दुपटीहून जास्त आहेत. म्हणजे माणसं कमी पडतायत असं नाही. त्या पायरीवर निवड लेखी परीक्षेनं होते, पेपरवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. काही राज्यांत महिलांना समांतर आरक्षण आहे, त्याचाही वाटा आहेच. उच्च न्यायालयापासून वरच्या प्रत्येक पायरीवर मात्र निवड शिफारशीनं, ओळखीनं आणि ‘कोर्टात कोण दिसतं’ यावर होते. गळती नेमकी तिथून सुरू होते.

‘आत्ता आत्ता’ हेही खरं नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली; पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण १९२० पर्यंत ते विद्यापीठ महिलांना पदवीच देत नव्हतं. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने आणि पुढे सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटणा उच्च न्यायालयाने फेटाळला. दोघींची पात्रता पुरेशी होती, नडलं ते बाई असणं. शेवटी १९२३ च्या कायद्याने ही अडवणूक संपवली. त्याला आता शंभर वर्षं उलटून गेली.

चेंबरमधली पहिली काही वर्षं

सर्वाधिक गळती इथे, सीनिअर वकिलाच्या कार्यालयात होते आणि ती कुठल्याही अहवालात दिसत नाही, कारण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढलेली मुलगी कागदावर वकीलच राहते. ती कोर्टात यायची थांबली, याची नोंद कुणी ठेवत नाही.

आधी पैशाचं बोलू. ज्युनिअरला पगार नसतो, असला तर ‘खर्चाला’ म्हणून काहीतरी असतं. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधन घातलं नाही. त्यामुळे पहिली चार-पाच वर्षं घरच्यांच्या आधारावर निघतात. मुलासाठी घर ती वर्षं गुंतवणूक समजून सोसतं. मुलीच्या बाबतीत तीच वर्षं नेमकी लग्नाच्या बोलण्याची असतात आणि ‘एवढं शिकून हातात काय येतं?’ हा प्रश्न लवकर विचारला जातो. सनदेचा खर्च तरी आता आवाक्यात आलाय. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यातल्या मर्यादेवर आणलं: सर्वसाधारण गटासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याआधी बऱ्याच राज्यांत हा आकडा हजारोंच्या घरात होता.

मग येतं कामाचं वाटप. चेंबरमधलं काम ढोबळमानानं दोन प्रकारचं: टेबलावरचं आणि उभं राहण्याचं. मसुदे, संशोधन, तारखांचा गोषवारा, कागदपत्रांची अनुक्रमणिका हे टेबलावरचं. मॅटर मेन्शन करणं (प्रकरण लवकर ऐकावं म्हणून न्यायाधीशांपुढे मांडणं), तारीख मागणं, उलटतपासणी घेणं, युक्तिवाद करणं हे उभं राहण्याचं. ‘तुझं ड्राफ्टिंग फार नीटनेटकं असतं’ हे कौतुक मुलींच्या वाट्याला हमखास येतं, आणि त्या कौतुकापोटीच त्या टेबलाला चिकटून राहतात. हेतू वाईट असतो असं नाही. पण वकिलाची किंमत ठरते ती उभं राहण्याच्या कामावरून.

ती कशी ठरते हे बघायचं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या कुठल्याही आदेशाचं पहिलं पान उघडा. पक्षकारांच्या नावांखाली वकिलांची नावं असतात. पहिलं नाव युक्तिवाद करणाऱ्याचं, मग ‘सोबत’ असलेल्यांचं, मग ज्यांच्या सूचनेवरून उभं राहिले त्यांचं. रात्री अकरापर्यंत बसून जिनं पूर्ण याचिका लिहिली, तिचं नाव या ओळीत आलं नाही तर त्या मॅटरमध्ये ती नव्हतीच. पुढे ज्येष्ठ वकील होण्याचा अर्ज असो, सरकारी पॅनेल असो की न्यायमूर्तिपदासाठीची शिफारस, पुरावा म्हणून मागितले जातात ते हेच आदेश. सर्वोच्च न्यायालयात ही वाट मार्च २०२५ पासून आणखी अरुंद झाली. एका प्रकरणात प्रत्यक्ष युक्तिवाद करणारा वकील आणि त्याच्या मदतीला एक, एवढ्यांचीच हजेरी नोंदवायची असा तिथला नियम पक्का झाला. हजेरीत वाटेल तितकी नावं घुसडण्याला आळा बसला, हे बरंच झालं. पण मदतनिसाची ती एकुलती एक जागा कुणाला मिळते, ते चेंबरचा सीनिअर ठरवतो.

यावर साधा उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही: वकालतनाम्यावर, म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याच्या कागदावर, ज्युनिअरचं नाव आणि सही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे पक्षकाराच्या वतीने कृती करायला, म्हणजे अर्ज दाखल करायला, तडजोड नोंदवायला, लेखी नेमणूक लागते. नुसता युक्तिवाद करायचा तर हजेरीचं निवेदन पुरतं. ज्युनिअरचं नाव वकालतनाम्यावर असेल तर सीनिअर दुसऱ्या कोर्टात अडकल्यावर ती स्वतःच्या अधिकारात उभी राहते, ‘साहेब येतायत, पाच मिनिटं द्या’ एवढंच सांगायला नाही. पक्षकाराकडून सही घेताना दोन नावं टाइप करायला फारतर एक ओळ वाढते.

तिसरी गोष्ट वेळेची. कोर्ट अकरा ते पाच. त्यानंतर चेंबर, आणि ज्येष्ठ वकिलांबरोबरच्या कॉन्फरन्स संध्याकाळी सातला सुरू होऊन रात्री दहा-अकराला संपणाऱ्या. पक्षकाराशी ओळख, फीची बोलणी, पुढच्या ब्रीफचं, म्हणजे नव्या प्रकरणाचं, सूतोवाच हे सगळं त्या वेळात होतं. लहान मूल असलेली वकील तिथे नसते, मग तिला ‘तिला आता फारसा इंटरेस्ट राहिला नाही’ हे लेबल लागतं. कॉन्फरन्सची सुरुवात आणि शेवट दोन्ही आधी कळवले आणि व्हिडिओवरून सहभागी होण्याची सोय ठेवली तर यातलं बरंच सुटतं. २०२० नंतर कोर्टांनीच दूरदृश्य सुनावणी स्वीकारलीय. चेंबरला अशक्य काय आहे?

विषयांच्या वाटपातही ठोकताळे आहेत. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा म्हटलं की ‘बाई वकील बघा’, आणि लवाद, कर, दिवाळखोरी, मोठे फौजदारी खटले म्हटलं की नाही. हे कौटुंबिक कायदा हलका आहे म्हणून खटकत नाही. तो मानसिकदृष्ट्या सर्वांत थकवणारा विषय आहे. खटकतं ते असं की त्यात फी कमी आणि उच्च न्यायालयापर्यंत जाणारी, निकालपत्रिकांत छापून येणारी प्रकरणं त्या मानाने थोडी. वीस वर्षांनी अर्ज भरताना हा फरक रकान्यारकान्यांत दिसतो.

सीनिअरचा गाऊन

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम १६ प्रमाणे सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय वकिलाला ‘ज्येष्ठ वकील’ म्हणून नामनिर्देशित करतं. सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा एका महिलेला हा दर्जा दिला १९७७ मध्ये, लीला सेठ यांना. दुसऱ्या इंदू मल्होत्रा, साल २००७. मधे तीस वर्षं गेली.

२०१७ पर्यंत पूर्णपीठ, म्हणजे न्यायालयाचे सगळे न्यायमूर्ती मिळून, मतदानाने ठरवत असे. त्या वर्षी ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांच्या याचिकेवर शंभर गुणांची पद्धत आली: वकिलीची वर्षं, नोंदवलेले निकाल आणि विनामूल्य काम, लेखन, मुलाखत. २०२३ मध्ये गुणांची फेरमांडणी होऊन निकालांना ५० आणि लेखनाला ५ गुण उरले. जानेवारी २०२४ च्या यादीत ५६ जण होते, त्यात ११ महिला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने ही गुणपद्धत रद्द केली आणि निर्णय पुन्हा पूर्णपीठाकडे गेला. किमान दहा वर्षांच्या वकिलीची अट राहिली.

गुणपद्धतीत दोष होतेच. काही मिनिटांच्या मुलाखतीला २५ गुण हे फार होते, आणि शेकडो अर्जांसोबत आलेले निकाल कोण वाचणार हाही प्रश्न होता. तरीही एक फायदा होता: कशाला किती गुण आहेत ते उमेदवाराला आधी ठाऊक असायचं. ‘व्यक्तिमत्त्वात दम नाही’ यासारख्या शेऱ्याला मुलाखतीच्या गुणांपलीकडे तिथे जागा नव्हती. हाच शेरा बाईच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चालतो, हे कोर्टात वावरणारा कुणीही सांगेल. आवाज चढवला तर भांडखोर, नाही चढवला तर मवाळ. पुरुष वकिलाचा चढलेला आवाज ‘पक्षकारासाठी लढणं’ म्हणून खपून जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात एक सूचना लागली होती: महिला वकिलांनी कोर्टात केस सारखे करू नयेत, कामकाजात व्यत्यय येतो. गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली. व्यत्यय नेमका कुणाच्या कामात येत होता, हे मात्र सूचनेत नव्हतं.

वयाचं गणित

जिल्हा न्यायालयांतले ३६ टक्के वर का पोचत नाहीत, याचं उत्तर बरंचसं बेरीज-वजाबाकीत आहे. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या. उच्च न्यायालयात नेमणुका दोन वाटांनी होतात, साधारण दोन तृतीयांश वकिलांतून आणि एक तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांतून. वकिलांतून येणारे बहुधा पंचेचाळिशी-पन्नाशीत येतात. जो ४५ व्या वर्षी आला त्याच्या हाती १७ वर्षं असतात. दिवाणी न्यायाधीश म्हणून सुरुवात केलेली महिला बढत्या घेत घेत उच्च न्यायालयात पोचते तोवर पंचावन्न-सत्तावन्न उलटलेली असतात. हाती पाच-सहा वर्षं. आता यात ज्येष्ठता मिसळा. मुख्य न्यायमूर्तिपद आणि सर्वोच्च न्यायालयातली नेमणूक बहुतांशी ज्येष्ठतेच्या रांगेतून होते. उच्च न्यायालयासाठी नावं सुचवणारं कॉलेजियमसुद्धा मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींचं असतं. उशिरा आलेली व्यक्ती त्या तिघांत बसतच नाही. म्हणजे ज्या वाटेवर महिला भरपूर आहेत ती वाट उशिरा पोचवते, आणि जी लवकर पोचवते त्या वाटेवर वर सांगितलेली चेंबरची चाळणी आहे. न्या. बेला त्रिवेदी जिल्हा पातळीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचल्या, पण तो अपवाद.

ज्येष्ठता किती बारीक गोष्टीवर ठरते, याचं एक उदाहरण. २८ जानेवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींचा शपथविधी झाला: दोरायस्वामी राजू, वाय. के. सभरवाल आणि रुमा पाल. एकाच दिवशी, पण क्रमाने सभरवाल आधी आणि पाल नंतर. नोव्हेंबर २००५ मध्ये सभरवाल सरन्यायाधीश झाले. जून २००६ मध्ये पाल निवृत्त झाल्या. क्रम उलटा असता तर देशाला तेव्हाच सात महिन्यांसाठी महिला सरन्यायाधीश मिळाल्या असत्या. आता ज्येष्ठतेप्रमाणे न्या. बी. व्ही. नागरत्ना यांची पाळी २०२७ मध्ये येते, ३६ दिवसांसाठी. न्या. फातिमा बीवी यांनी ऑक्टोबर १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शपथ घेतल्यापासून २०२१ पर्यंत तिथे नेमल्या गेलेल्या महिला एकूण ११.

त्यामुळे वरच्या आकड्यांत खरंच फरक पाडायचा तर दोनच जागी हात घालावा लागतो: वकिलांतून नावं सुचवताना महिलांची नावं पुरुषांइतक्याच वयात, म्हणजे ४५ च्या आसपास पुढे यायला हवीत, आणि जिल्हा न्यायपालिकेतल्या बढत्या वेळेवर व्हायला हव्यात. बाकी घोषणा कितीही केल्या तरी हे गणित हलत नाही.

तळाच्या पायरीवरही एक बदल झालाय. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, विधी लिपिक (न्यायमूर्तींचा संशोधन सहायक) म्हणून केलेलं कामही धरायचं, आणि दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या पृष्ठांकनासह जोडायचा. अनुभवाची गरज नाकारता येत नाही. पण पदवीच्या निकालाबरोबर थेट परीक्षेत बसून सुटणाऱ्या मुलींना आता त्याच बिनपगारी तीन वर्षांतून जावं लागेल. ३६ टक्क्यांवर याचा परिणाम होतो का, ते पुढच्या भरत्यांत बघावं लागेल.

निकालपत्रातला साचा

साचेबद्ध समज वकिलाच्या वाट्याला येतात तसे पक्षकाराच्याही येतात. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली: तक्रारदार महिलेच्या घरी जाऊन राखी बांधून घे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी अपर्णा भट प्रकरणात ती अट रद्द केली, आणि जामिनाच्या आदेशात काय लिहायचं नाही तेही सांगितलं: आरोपी-तक्रारदाराची तडजोड सुचवायची नाही, लग्नाचा सल्ला द्यायचा नाही, तिच्या कपड्यांवर, वागण्यावर, पूर्वायुष्यावर शेरे मारायचे नाहीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर ३० पानांची पुस्तिका काढली. तिच्यातली पर्यायी शब्दांची यादी फार गाजली, पण खरं काम पुढच्या पानांवर आहे. तिथे साचेबद्ध समज पुराव्याची जागा कशी घेतो ते दाखवलंय. ‘अत्याचार झाला असता तर ती ओरडली असती’, ‘ओळखीचा माणूस असं करणार नाही’, ‘लगेच तक्रार केली नाही म्हणजे बनाव’ ही विधानं ऐकायला तर्कासारखी वाटतात. प्रत्यक्षात रेकॉर्डवर त्यांना आधार नसतो, न्यायाधीशाच्या मनातल्या ‘बाई कशी वागते’ या चित्राला असतो. उलटतपासणीत असा प्रश्न आला की हरकत घ्यायची ती याच मुद्द्यावर, प्रश्नाचा वादातल्या मुद्द्याशी संबंध नाही असं सांगून, आणि हरकत नोंदवून घ्यायची. नोंदली नाही तर अपिलात ती नसल्यासारखीच.

तक्रार, स्वच्छतागृह आणि बारची निवडणूक

चेंबरमध्ये छळ झाला तर जायचं कुठे, यावर बराच गोंधळ आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’च्या व्याख्येत शिकाऊ आणि बिनपगारी काम करणारेही येतात. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, आणि तक्रार मालकाविरुद्धच असेल तरी, अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन; चौकशी ९० दिवसांत. वेगवेगळ्या चेंबरच्या वकिलांमधला प्रकार मात्र यात नीट बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं की बार कौन्सिल ही वकिलांची मालक नाही, त्यामुळे वकिलाविरुद्धची तक्रार तिच्या अंतर्गत समितीपुढे येत नाही. मार्ग ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ चा, म्हणजे व्यावसायिक गैरवर्तनाचा. तिथे राज्य बार कौन्सिलने वर्षभरात निकाल दिला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. तारखा जपून ठेवा, त्या तिथे उपयोगी पडतात.

सुविधांचं तर बोलायलाच नको. त्याच २०२३ च्या अहवालाप्रमाणे जिल्हा न्यायालयांच्या १९.७ टक्के संकुलांत महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांत पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी सोय करण्याचे आदेश दिले. असे आदेश अमलात आणायला पाठपुरावा करावा लागतो बार असोसिएशनला, म्हणजे वकिलांच्या संघटनेला, आणि तिथल्या कार्यकारिणीत महिला नसतील तर हा विषय अजेंड्यावर शेवटून दुसरा असतो. म्हणून २ मे २०२४ चा आदेश महत्त्वाचा: सर्वोच्च न्यायालय बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा. डिसेंबर २०२५ मध्ये राज्य बार कौन्सिलांसाठीही ३० टक्क्यांचा निर्देश आला. त्या फेरीत २० टक्के निवडणुकीतून आणि १० टक्के स्वीकृतीने.

तृतीयपंथी वकिलांची वाट याहून अवघड आहे. २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली. तमिळनाडूत सत्यश्री शर्मिला यांनी सनद घेतली ती २०१८ मध्ये. यात सुरुवातीची अडचण अगदी कागदी असते: शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पदवीवर तेच, आणि आधारवर दुसरं. नोंदणीच्या अर्जाआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी हातात असली की बार कौन्सिलच्या खिडकीवरचे हेलपाटे वाचतात.

खंड घेणाऱ्यांनी एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी कोर्टात येणं थांबवलं म्हणून सनद स्थगित करावी लागत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर मात्र बार कौन्सिलला कळवून ती स्थगित करावीच लागते. आणि मग घटनेच्या कलम २३३(२) खाली वकिलांतून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर अडचण येते, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याचा अर्थ अर्जाच्या तारखेलाही वकिली चालू हवी आणि ती किमान सात वर्षांची हवी असा लावलाय. दोन वर्षांसाठी कंपनीत गेलेल्या वकिलाची आधीची सहा वर्षं अशी पाण्यात जाऊ शकतात. ती वाट मनात असेल तर पगारी नोकरीऐवजी प्रकरणागणिक फीवर काम घेणं बरं, आणि त्या काळातले वकालतनामे व आदेशांच्या प्रती फाइलला लावून ठेवणं त्याहून बरं.